मायदेशात बंदी, परदेशात मानधन : कथाकार फ्रँक ओ’कॉनरचं प्रकरण

सप्टेंबर 1945मध्ये ‘न्यूयॉर्कर’ या अमेरिकन साप्ताहिकात ‘न्यूज फॉर द चर्च’ नावाची कथा छापून आली. लेखक फ्रँक ओ’कॉनर, आयर्लंडमधल्या कॉर्क शहरचा, वय 42. कथा जवळजवळ सगळी कन्फेशन बॉक्समध्ये घडते. वसईच्या ख्रिस्ती वाचकाला तो लाकडी खण आणि मधली जाळी लहानपणापासून ओळखीची असते. गोव्यात या पापनिवेदनाला कुमसार म्हणतात. जाळीच्या एका बाजूला फादर कॅसिडी, दुसऱ्या बाजूला एक तरुण मुलगी. एका पुरुषाबरोबर आपला संबंध आल्याचं ती सांगते. ऐकता ऐकता फादरांच्या लक्षात येतं, की ही पश्चात्ताप घेऊन आलेली नाही. आयुष्यात मोठी गोष्ट घडली आहे, ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला चैन नाही, आणि ऐकून पोटात ठेवेल असा हक्काचा माणूस म्हणजे कन्फेशन ऐकणारा फादर. मग ते असे कोरडे, तपशिलाचे प्रश्न विचारत जातात की तिची सगळी ऐट उतरते.

दोन वर्षांनी, 1947मध्ये, ही कथा ‘द कॉमन कॉर्ड’ या संग्रहात आली. त्या संग्रहावर आयर्लंडमध्ये बंदी आली.

म्हणजे आयरिश मुलगी, आयरिश फादर, आयरिश चर्च आणि कॉर्कच्या बोलीतली भाषा असलेली गोष्ट न्यूयॉर्कमधला माणूस स्टॉलवरून विकत घेऊन वाचू शकत होता, आणि कॉर्कमधल्या माणसाला ती पुस्तकात वाचायची राजरोस सोय नव्हती. 1940 ते 1951 या काळात ओ’कॉनरच्या वाट्याला हे पुन्हा पुन्हा आलं. बंदीमुळे लेखकाचं नुकसान होतं हे सगळेच म्हणतात. या लेखकाचं नक्की काय गेलं, आणि त्याच्या कथांमध्ये ते कुठे दिसतं, हे मला इथे नीट पाहायचं आहे. मी सार्वजनिक वाचनालयात नोकरी करते, म्हणून हे प्रकरण मला जास्त लागतं. कारण ज्याची पुस्तकं कपाटाबाहेर ठेवली गेली, तो स्वतः ग्रंथपाल होता.

आधीची हकीकत

खरं नाव मायकेल ओ’डोनोव्हन. जन्म 17 सप्टेंबर 1903चा, डग्लस स्ट्रीटवरचा. वडील ब्रिटिश सैन्यात होते, बँडमध्ये ढोल वाजवायचे आणि दारूचा नाद लागला की घरातल्या वस्तू गहाण पडायच्या. आई मिनी अनाथाश्रमात वाढलेली. लोकांच्या घरची कामं करून तिने संसार ओढला. मुलगा एकुलता एक. पुढे त्याने लिहिलेल्या आत्मचरित्राच्या पहिल्या भागाचं नावच ‘अॅन ओन्ली चाइल्ड’ आहे, आणि त्या पुस्तकाचा जीव सगळा आईत आहे.

शाळा लवकर सुटली, तरी शाळेत डॅनियल कॉर्करी हे शिक्षक मिळाले. ते स्वतः कथाकार. त्यांनी या पोराला आयरिश भाषेची गोडी लावली. 1922च्या यादवी युद्धात तो ब्रिटनशी झालेल्या कराराला विरोध करणाऱ्या बाजूने उतरला, 1923मध्ये पकडला गेला आणि गॉर्मन्स्टनच्या छावणीत स्थानबद्ध झाला. तिथल्या खेडवळ पोरांच्या गप्पांमध्ये ओलीस ठेवलेल्या दोन इंग्रज सैनिकांची हकीकत त्याच्या कानावर पडली. पोरांचा त्या दोघांवर जीव जडला होता. त्या ऐकीव गोष्टीतून ‘गेस्ट्स ऑफ द नेशन’ ही कथा झाली. जानेवारी 1931मध्ये ती अमेरिकेतल्या ‘अटलांटिक मंथली’त आली आणि त्याच वर्षी त्याच नावाचा पहिला संग्रह निघाला. युद्धावरच्या कथांची कुठलीही चांगली निवड घ्या, ही त्यात बहुधा सापडतेच.

या सगळ्याच्या मधली चौदा वर्षं त्याने वाचनालयांत काढली. 1924मध्ये स्लायगोत उमेदवारी, मग विक्लो, मग कॉर्क काउंटीचा ग्रंथपाल, आणि 1928च्या अखेरीस डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातलं पेम्ब्रोक वाचनालय. नव्या देशात गावोगाव वाचनालयं उभी राहत होती आणि हा त्यातला एक बिनीचा माणूस होता. सरकारी खात्यातल्या माणसाने आपल्या नावावर कथा-कविता छापणं अडचणीचं, म्हणून मधलं नाव फ्रान्सिस आणि आईचं माहेरचं आडनाव घेऊन तो फ्रँक ओ’कॉनर झाला. पुढे हे आईकडचं नावच जगभर गेलं.

1935मध्ये तो डब्लिनच्या अॅबी थिएटर या नाट्यगृहाच्या संचालक मंडळावर आला. कवी येट्स तेव्हा हयात होते. चेखवने रशियासाठी जे केलं ते हा आयर्लंडसाठी करतो आहे, असं त्यांनी म्हटल्याचं सांगतात. 1938मध्ये ओ’कॉनरने लेखनासाठी वाचनालयाची नोकरी सोडली. 1939च्या जानेवारीत येट्स गेले आणि त्याच वर्षी याने अॅबीही सोडलं. पगार बंद, पाठीराखा गेलेला आणि पोट लेखणीवर.

त्याच वर्षी त्याने एव्हलिन बोवेन या वेल्श नटीशी लग्न केलं. ती घटस्फोटित होती. 1937च्या आयरिश राज्यघटनेने घटस्फोटाला मनाईच केलेली. चर्चच्या लेखी हे लग्नच नव्हतं. छोट्या देशात अशी गोष्ट लपत नाही, आणि काम देणारे हात हळूहळू मागे जाऊ लागतात.

बंदी कशी यायची

1929चा सेन्सॉरशिप ऑफ पब्लिकेशन्स अॅक्ट, आणि त्याखाली पाच जणांचं मंडळ. महाराष्ट्रात आपल्याला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ माहीत आहे. तिथे नाटकाची संहिता प्रयोगाआधी दाखवावी लागते, काय कापायचं यावर वाद घालता येतो. आयर्लंडचं मंडळ छापून झालेलं पुस्तक बघायचं. कुणीही नागरिक खटकलेल्या मजकुरावर खुणा करून प्रत पाठवू शकत असे. बंदरावरचे कस्टमचे लोकही पाठवत. पुस्तकाचा ‘एकूण रोख’ असभ्य किंवा अश्लील आहे असं मंडळाला वाटलं, की मंत्र्याच्या सहीने बंदी जाहीर व्हायची आणि नाव राजपत्रात यायचं. लेखकाला बोलावणं नाही, कारण सांगणं नाही. 1946पर्यंत अपिलाचीही सोय नव्हती.

ओ’कॉनरची पुस्तकं लंडनला मॅकमिलन छापायचे आणि न्यूयॉर्कला नॉफ. त्यामुळे आयर्लंडमधल्या बंदीने पुस्तकाची छपाई थांबत नव्हती. लंडनला ते मिळत राहायचं. थांबायचं ते इतकंच, की स्लायगोतल्या, विक्लोतल्या, कॉर्कमधल्या वाचनालयाच्या कपाटात ते येणार नाही.

‘इतकंच’ हा शब्द मी लिहिला खरा, पण देवघेवीच्या टेबलाशी बसणाऱ्याला तो पटणार नाही. दुकानातली प्रत एका घरात जाते. वाचनालयातली प्रत घराघरांतून फिरते. तिच्या मागच्या पानावरच्या तारखा बघाव्यात: पावसाळ्यात एकाखाली एक शिक्के पडत जातात, कोपरे मऊ होतात, कुणाच्या तरी चहाचा गोल डाग येतो, आणि कुणीतरी पेन्सिलने एखाद्या शब्दाखाली रेघ ओढलेली असते, वाचनालयाचा नियम मोडून. ती रेघ म्हणजे लेखकाला मिळालेली दाद असते. 1940मध्ये ओ’कॉनरच्या ‘डच इंटीरियर’ या कादंबरीवर बंदी आली, तेव्हा जिथे ही दाद उमटते ती जागा त्याच्या हातून गेली.

शिंप्याचं पुस्तक

पुढच्या दोन वर्षांत जे घडलं त्यात बंदी त्याच्या पुस्तकावर नव्हती, तरी घाव त्यालाच बसला असं मी म्हणेन.

पश्चिम कॉर्कमध्ये गूगन बारा नावाचं डोंगरातलं तळं आहे. त्याच्याजवळच्या एका झोपडीवजा घरात टिमथी बकली नावाचा म्हातारा शिंपी आणि त्याची बायको अनास्तासिया राहायची. शिंपी गप्पांचा बादशहा. संध्याकाळी त्याच्या चुलीपाशी गाव जमायचं. ओ’कॉनरही तिथला नेहमीचा. एरिक क्रॉस या गृहस्थांनी त्या गप्पा जशाच्या तशा उतरवून 1942मध्ये ‘द टेलर अँड अॅन्स्टी’ नावाने पुस्तक केलं आणि ओ’कॉनरने प्रस्तावना लिहिली. गप्पांमध्ये जनावरांच्या फळण्यापासून माणसांच्या लग्नापर्यंत सगळं होतं, खेड्यातल्या बोलण्यात असतं तसं मोकळं.

पुस्तकावर बंदी आली. त्यावर सिनेटमध्ये सर जॉन कीन यांनी ठराव मांडून चर्चा घडवून आणली. काय चुकीचं आहे ते सभागृहाला ठरवता यावं म्हणून त्यांनी पुस्तकातले उतारे वाचून दाखवले. ते उतारे अधिकृत कामकाजाच्या नोंदीतून वगळण्यात आले. आजही ती नोंद उघडली तर सभासदाने पुस्तकातून वाचून दाखवलं एवढंच तिथे दिसतं. ठराव मोठ्या फरकाने पडला.

एवढ्यावर भागलं नाही. तीन पाद्री त्या घरी गेले, म्हाताऱ्याला गुडघे टेकायला लावले आणि त्याच्या हाताने ते पुस्तक त्याच्याच चुलीत जाळायला लावलं. ज्या चुलीपाशी गोष्टी सांगितल्या गेल्या त्याच चुलीत. शिंपी 1945मध्ये वारला. बंदी उठली ती 1963मध्ये.

ओ’कॉनर आयुष्यभर या प्रकरणाचा राग विसरला नाही. मला वाटतं तो राग निव्वळ मैत्रीपोटी नव्हता. कथेत माणसाच्या बोलण्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, हे त्याच्या कलेचं पहिलं कलम. तो आवाज तो अशाच चुलींपाशी बसून शिकला होता. मंडळाने शिंप्याच्या तोंडावर हात ठेवला तेव्हा ओ’कॉनरच्या कथेचा झराच बुजवायला घेतला होता.

पोटापाण्याची लढाई

या वर्षांत आयरिश रेडिओवरचं काम आटलं. युद्ध चालू होतं, आयर्लंड तटस्थ, कागदाची टंचाई. बीबीसीने काम दिलं. त्याचा भरदार आवाज रेडिओसाठी घडवलेला होता. मित्र शॉन ओ’फेलॉनने 1940मध्ये ‘द बेल’ मासिक काढलं तेव्हा तो त्यात होता. पण मासिकावर घर चालत नाही. 1943 ते 1945 तो ‘संडे इंडिपेंडंट’मध्ये ‘बेन मेयो’ या नावाने दर आठवड्याला स्तंभ लिहीत होता. ज्या देशात त्याचं नाव प्रत्येक शिकल्यासवरल्या माणसाला ठाऊक होतं, तिथे तो टोपणनावावर आणखी एक टोपणनाव चढवून कमावत होता.

सायकलवर फिरून जुनी पडकी चर्चं बघणं हा त्याचा छंद. त्यातून ‘आयरिश माइल्स’ हे 1947चं प्रवासपुस्तक झालं. बायको, मुलं, म्हातारी आई असा पसारा होता आणि प्रत्येक ओळीचे पैसे व्हायला हवे होते.

अशात 1945मध्ये त्याने ‘द मिडनाइट कोर्ट’चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. मूळ काव्य ब्रायन मेरिमन या क्लेअर काउंटीतल्या कवीचं, 1780च्या सुमाराचं, सुमारे हजार ओळींचं, आयरिश भाषेतलं. परीराणीच्या दरबारात बायका पुरुषांवर खटला भरतात: लग्नं करत नाहीत, केली तर म्हातारपणी करतात, आणि धडधाकट पाद्र्यांना ब्रह्मचारी ठेवून देशाचं नुकसान करतात. आयरिश भाषेच्या अभ्यासकांना हे काव्य पाठ असायचं. 1946मध्ये अनुवादावर बंदी आली. मूळ आयरिश काव्य दुकानात खुलं होतं आणि त्याच्यावर कधीच बंदी आली नाही.

मंडळाच्या कारभारातली ही गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. सरकार मुलांना शाळेत आयरिश सक्तीने शिकवत होतं, त्या भाषेला राष्ट्राची पहिली भाषा म्हणत होतं. मात्र बहुतेक लोक जी भाषा घरात बोलत होते, त्या इंग्रजीत तोच मजकूर आला की तो असभ्य. म्हणजे मंडळाच्या नजरेत मजकुरापेक्षा वाचक महत्त्वाचा होता. थोड्या विद्वानांनी वाचलं तर चालेल, बाजारात आलेल्या शेतकऱ्याच्या पोरीने वाचू नये. ओ’कॉनरला नेमकी तीच पोरगी वाचक म्हणून हवी होती.

न्यूयॉर्करचा करार

1945च्या त्या पहिल्या कथेपाठोपाठ न्यूयॉर्करने त्याच्याशी करार केला. पद्धत अशी: प्रत्येक नवी कथा आधी आमच्याकडे पाठवायची, त्याबद्दल वर्षाला ठरावीक रक्कम, आणि स्वीकारलेल्या कथेला वाढीव दर. नाकारली तर लेखक दुसरीकडे द्यायला मोकळा. पुढच्या वीस वर्षांत त्याच्या चाळीसहून जास्त कथा तिथे आल्या. आधी गस लोब्रानो आणि नंतर विल्यम मॅक्सवेल हे त्याचे संपादक. मॅक्सवेल स्वतः उत्तम कथाकार; दोघांची पत्रं पुढे पुस्तकरूपाने आली आहेत. ती वाचताना कथेच्या एकेका वळणावर दोन माणसं किती जीव टाकत होती ते कळतं.

पैशाचा प्रश्न सुटला. पण जागा बदलली, आणि गोष्ट सांगणाऱ्याची जागा बदलली की गोष्ट तशीच राहत नाही. गावातल्या पारावर सांगताना ‘तो वरच्या आळीचा’ एवढं पुरतं. परगावच्या माणसाला तीच गोष्ट सांगताना आळी कुठली, तिथले लोक कसे, हे सगळं वाक्यात मुरवावं लागतं, नाहीतर बोली थोडी घासून सपाट करावी लागते. ओ’कॉनरने दोन्ही केलं.

तो मुळात पुनर्लेखनाचा वेडा. कथेचा विषय चार ओळींत मांडता आला पाहिजे, तो आला नाही तर कथा नाही. मग पहिला खर्डा कसाही, नुसती कागदावर शाई. त्यानंतर पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. मासिकात आल्यावर परत, संग्रहात आल्यावर परत, हे त्याने 1957च्या ‘पॅरिस रिव्ह्यू’च्या मुलाखतीत सांगितलं आहे.

‘फर्स्ट कन्फेशन’ या कथेचा प्रवास पाहिला की हे डोळ्यांसमोर येतं. 1935मध्ये ती ‘रिपेन्टन्स’ नावाने आली, 1939मध्ये नव्या नावाने, नव्या रूपात अमेरिकेच्या ‘हार्पर्स बझार’मध्ये, आणि 1951च्या ‘ट्रॅव्हलर्स सॅम्पल्स’ संग्रहात पुन्हा बदलून. सात वर्षांचा जॅकी पहिल्या पापनिवेदनाला निघालाय. घरात खेड्याहून आलेली आजी: अनवाणी वावरते, बटाटे हाताने खाते, जेवणाबरोबर पोर्टर, म्हणजे काळी बिअर, पिते. पोराला तिची किळस येते. तिला मारून टाकायचा बेत त्याने मनात पक्का केलेला, आणि बहीण नोरावर पाव कापायची सुरी उगारून झालेली. बहीण त्याला चर्चमध्ये अशी नेते जशी कसायाकडे. अंधाऱ्या खणात शिरल्यावर कुठे बसायचं ते त्याला कळत नाही; मोठ्यांनी कोपर टेकायची फळी असते तिच्यावर तो चढून बसतो आणि धाडकन बाहेर पडतो.

आधी ही कथा ‘जॅकी’ची होती, तृतीयपुरुषी. लेखक वरून बघत होता. 1951च्या रूपात जॅकी स्वतः सांगतो: ‘मी’. ओळखीच्या घटना, ओळखीची माणसं, पण आता मोठा झालेला माणूस लहानपणच्या आपल्या घबराटीकडे मायेने बघत बोलतो आहे, आणि वाचक त्याच्या शेजारी बसून ऐकतो आहे. फादर पोराचं म्हणणं गंभीरपणे ऐकतात, आजीला मारायचा विचार आपल्याही मनात कधी कुणाबद्दल आला असेल अशा समजुतीने बोलतात आणि शेवटी त्याला गोळ्या देतात. बाहेर उभी नोरा चरफडते, की चांगलं वागून काही फायदा नाही.

हा ‘मी’ कुठून आला? परका वाचक हे त्याचं एक कारण आहे असं माझं मत झालंय. कॉर्कच्या वाचकाला आजीच्या पोर्टरबद्दल काही समजावून सांगायची गरज नव्हती. परक्याला सांगायला मध्यस्थ लागतो, आणि त्या मुलखातल्या लहान पोरापेक्षा चांगला मध्यस्थ मिळणं कठीण, कारण पोरालाही मोठ्यांचं जग परकंच असतं. याच काळात त्याच्या कथांमध्ये लहान मुलं भराभर येतात. ‘द ड्रंकर्ड’मध्ये वडिलांचा ग्लास पोरगाच रिकामा करतो आणि बापाला त्याला धरून घरी आणावं लागतं. रेडिओनेही यात हात दिला असणार. मायक्रोफोनपुढे बसलं की ‘तो’ सुटतो आणि ‘मी’ तोंडात येतो.

‘ट्रॅव्हलर्स सॅम्पल्स’ म्हणजे फिरत्या विक्रेत्याने पेटीत घालून दारोदार दाखवायचे नमुने. ‘फर्स्ट कन्फेशन’ आणि ‘द ड्रंकर्ड’ दोन्ही याच संग्रहात आहेत. 1951मध्ये त्याच्यावरही आयर्लंडमध्ये बंदी आली.

जे हाती राहिलं नाही

कुणी म्हणेल, की मग बिघडलं काय? बंदी आली म्हणून अमेरिकेचं दार उघडलं, कथा जास्त घोटून झाली, नाव झालं. हे मला पटत नाही, आणि त्याचा पुरावा त्याच्याच पानांवर आहे.

‘द लाँग रोड टू उमेरा’ ही युद्धाच्या सुरुवातीच्या काळातली कथा. शहरात मुलाकडे राहणारी म्हातारी अॅबी हट्ट धरून बसते, की मला माझ्या नवऱ्याशेजारी, डोंगरातल्या उमेरात पुरायचं, आणि न्यायचं तेही जुन्या रस्त्याने. मुलगा चिडतो, शहरात चांगली जागा असताना तिकडे कशाला? शेवटी तो तिला नेतो, आणि पडक्या घरापाशी तिने शिकवून ठेवलेले शब्द उच्चारतो: शेजाऱ्यांनो, ही अॅबी, बॅटी हीजची लेक, तुम्हाला दिलेला शब्द पाळून आलीय. त्या वाक्यात कुणालाही काही समजावलेलं नाही. बॅटी हीज कोण हे सांगायची लेखकाला गरज वाटत नाही, कारण ऐकणारे तिथलेच आहेत, मेलेले असले तरी. अशी वाक्यं पन्नाशीनंतरच्या कथांमध्ये विरळ होतात. तिथे कारागिरी वाढते, हसू वाढतं, गोष्ट कुठे अडखळत नाही. पण उमेरातल्या हाकेचा तो खोल सूर मला पुन्हा तसा ऐकू येत नाही.

‘गेस्ट्स ऑफ द नेशन’ची 1931ची आणि 1954ची प्रत शेजारी ठेवून वाचली तरी हेच दिसतं. पहिल्या प्रतीत इंग्रज शिपायाचं नाव त्याच्याच उच्चाराप्रमाणे ‘ऑकिन्स’ असं येतं, बोलीचे खडे तोंडाला लागतात. दुसरीत तो ‘हॉकिन्स’ होतो, वाक्यं धुऊन पुसून येतात. अनेकांना दुसरी आवडते. तिची वीण घट्ट आहे, हे मान्य. मला पहिली जवळची वाटते. त्यातला गोष्ट सांगणारा बोनापार्ट जे पाहिलं ते सांगताना अजून थरथरतो आहे.

हा सगळा दोष मंडळाच्या माथी मारता येणार नाही, हेही सांगायला हवं. माणूस वयाने बदलतो. न्यूयॉर्करची स्वतःची एक घडी होती, तिच्यात बसणारे सगळेच लेखक थोडे त्या घडीचे होत. ओ’कॉनरचा स्वभाव भांडखोर, एकदा बिनसलं की दार आपटून निघणारा. तरीही एक गोष्ट मला बाजूला ठेवता येत नाही. कथा परत परत लिहिणाऱ्या माणसाला प्रत्येक खेपेला मनात कुणीतरी ऐकणारा लागतो. 1940नंतर त्याच्या मनातल्या त्या खुर्चीवर कॉर्कचा माणूस बसायचा बंद झाला, कारण त्या माणसाच्या हातात पुस्तकच पडत नव्हतं. मग तिथे मॅक्सवेल येऊन बसले. अत्यंत समजूतदार, मायाळू, पण उमेराचा रस्ता न पाहिलेले.

शेवटची वर्षं

पहिलं लग्न मोडलं. 1952मध्ये आई गेली. 1953मध्ये त्याने हॅरिएट रिच या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं आणि पन्नाशीची वर्षं बरीचशी अमेरिकेत काढली: नॉर्थवेस्टर्न, हार्वर्ड, मग स्टॅनफर्ड. शाळा अर्धवट सुटलेला माणूस विद्यापीठांत कथा शिकवत होता आणि वर्ग भरून जात होते. 1961मध्ये स्टॅनफर्डला असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला. तिथल्या व्याख्यानांमधून 1963चं ‘द लोन्ली व्हॉइस’ हे पुस्तक झालं. कादंबरीला समाज लागतो. कथा जगते ती समाजाच्या काठावर भटकणाऱ्या, कुणी प्रतिनिधी नसलेल्या माणसांवर, असं त्याचं म्हणणं. गोगोलचा कारकून, तुर्गेनेव्हचे भूदास, चेखवचे डॉक्टर आणि मास्तर. कथा शिकवणाऱ्या कुणालाही हे पुस्तक टाळता आलेलं नाही. या सिद्धांतावर पुष्कळ आक्षेप घेता येतील. पण दहा वर्षं स्वतःच्या देशात काठावर उभं केलेल्या माणसाने तो मांडला आहे, हे लक्षात ठेवून वाचलं की त्यातली कळकळ वेगळीच पोचते.

झटक्यानंतर तो डब्लिनला परतला. 1962मध्ये ट्रिनिटी कॉलेजने त्याला मानद डॉक्टरेट दिली आणि तिथे त्याने शिकवलंही. 10 मार्च 1966 रोजी डब्लिनमध्ये त्याचं निधन झालं.

पुढच्या वर्षी, 1967मध्ये, नवा कायदा झाला. बारा वर्षांहून जुनी बंदी आपोआप रद्द. हजारो पुस्तकं एका झटक्यात मोकळी झाली. ‘डच इंटीरियर’, ‘द कॉमन कॉर्ड’, ‘ट्रॅव्हलर्स सॅम्पल्स’ आता कुणालाही कपाटात ठेवता येणार होती. डग्लस स्ट्रीटवरच्या त्याच्या जन्मघरात आज मन्स्टर लिटरेचर सेंटर आहे. 2005 ते 2015 या काळात कॉर्कमधून त्याच्या नावाने कथासंग्रहाला आंतरराष्ट्रीय पारितोषिक दिलं जात होतं. 2008मध्ये ते झुंपा लाहिरी यांना मिळालं. आणि पेम्ब्रोकचं वाचनालय बॉल्सब्रिजमध्ये अँगलसी रोडवर अजून चालू आहे. 1928च्या डिसेंबरात पंचवीस वर्षांच्या मायकेल ओ’डोनोव्हनने तिथे रुजू होऊन मागवलेल्या पुस्तकांच्या याद्या केल्या होत्या.